खेळण्याच्या मोटारीचा सर्व्हो : स्वस्त घ्या, पण तोलून घ्या

कापडाच्या व्यापाऱ्याने रिमोटवर चालणाऱ्या मोटारींच्या सुट्या भागांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. खरे सांगायचे तर मलाही वाटते. उर्दू शाळेतून दहावी झालो, वडिलांच्या गादीवर बसलो आणि तेव्हापासून भिवंडीत ग्रे कापडाची थाने मोजत आलो. विजेचे माझे ज्ञान लूमच्या मोटरीपुरते. पण 2022 साली धाकट्या मुलाने दुकानाचा मागचा कोपरा मागून घेतला आणि तिथे तो या मोटारी दुरुस्त करू लागला, सुटे भाग विकू लागला. घरच्या पैशाने जो धंदा चालतो तो बापाला समजून घ्यावाच लागतो. शिवाय या धंद्यात आम्ही एकदा चांगलेच ठेचकाळलो. ती हकिकत आणि तिच्या निमित्ताने जी माहिती पदरात पडली ती व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. उरुसात दीड-दोनशे रुपयांना मिळणारी खेळण्यातली मोटार ती ही नव्हे. ही मोटार खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दीड-दोन फूट लांब आणि दोन-तीन किलो वजनाची असते. तिचा प्रत्येक भाग सुटा होतो आणि सुटा विकत मिळतो. दगड-धोंड्यांवर हळूहळू चढणारी ‘क्रॉलर’ आणि मातीत धावणारी ‘बग्गी’ हे तिचे दोन लोकप्रिय प्रकार. मुंबई, ठाणे, पुणे या बाजूला नोकरदार आणि डॉक्टर मंडळी रविवारी या मोटारी घेऊन खडकाळ माळावर जातात. गाडी एकदाच विकली जाते, पण भाग वारंवार मोडतात. यातला धंदा आहे तो भागांचा, आणि भागांत सर्वांत जास्त विचारला जाणारा एक भाग म्हणजे ‘सर्व्हो’.

सर्व्हो ही सुमारे 40 मिलिमीटर लांब, 20 मिलिमीटर रुंद आणि तितकीच 40 च्या आसपास उंच अशी डबी. वजन साधारण 55 ते 75 ग्रॅम. आत एक छोटी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची रांग, दांडा कुठल्या कोनात आहे हे सांगणारा एक पोटेन्शिओमीटर आणि हिशेब ठेवणारे सर्किट. बाहेर तीन तारा येतात : एक धन, एक ऋण, एक हुकमाची. रिमोटचे चाक फिरवले की हुकमाच्या तारेतून विजेचे बारीक ठोके जातात. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मधोमध, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. दगडाने चाक ढकलले तरी सर्व्हो दांडा हुकमाच्या जागीच धरून ठेवायचा प्रयत्न करतो. गाडीची पुढची चाके वळवायचे काम याचेच. म्हणून गाडीतला सगळ्यांत जास्त मार खाणारा भागही हाच.

व्होल्टेजचा घोळ

जुन्या काळी रिसीव्हरला 1.2 व्होल्टच्या चार पेशी लावत, म्हणजे 4.8 व्होल्ट. कोणी पाच लावत, म्हणजे 6 व्होल्ट. सगळे सर्व्हो याच दोन आकड्यांसाठी बनत. पुढे लिथियम पॉलिमर बॅटरी आली. तिची एक पेशी 3.7 व्होल्टची आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्टची. दोन पेशींची बॅटरी झाली 7.4 व्होल्टची, पण भरलेली असताना ती 8.4 देते. या बॅटरीवर थेट चालावा म्हणून ज्याची मोटर आणि सर्किट दोन्ही 8.4 व्होल्ट सहन करतील असे बनवले, तो ‘हाय व्होल्टेज’ सर्व्हो. नाव भारदस्त असले तरी आकडा एवढाच, वाचकांनी विजेच्या खांबाची कल्पना करू नये.

याचा फायदा काय? गाडीत मोटरीचा वेग सांभाळणारा जो स्पीड कंट्रोलर असतो त्यातच सर्व्होला वीज पुरवणारी एक शाखा असते. तिला बीईसी म्हणतात. साध्या कंट्रोलरमध्ये ही शाखा बहुधा 3 अँपिअरच्या आसपास देते. आता हिशेब पाहा. 5 व्होल्टवर 3 अँपिअर म्हणजे 15 वॉट. तेच 3 अँपिअर 7.4 व्होल्टवर दिले तर 22 वॉट. तार तीच, अँपिअर तेच, पण काम जवळजवळ दीडपट. बारीक तारेतून जास्त अँपिअर ओढले की तार तापते आणि वीज वाटेतच खर्ची पडते, हे कुठलाही वायरमन सांगेल. म्हणून जोर हवा तर व्होल्टेज वाढवणे परवडते.

लूमवाल्यांची इथे एका गोष्टीत फसगत होते. आपल्याकडे व्होल्टेज पडले की लूमची मोटर जास्त अँपिअर ओढते आणि जळते, त्यामुळे ‘व्होल्टेज कमी म्हणजे धोका’ हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले. सर्व्होचे उलटे आहे. व्होल्टेज कमी पडले तर तो सुस्त होतो, जोर कमी लावतो, बिघडत मात्र नाही. जास्त झाले की जळतो. 6 व्होल्टच्या सर्व्होला 8.4 लावले तर काही दिवस तो अगदी झकास चालतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि मग एके दिवशी डबीतून धूर येतो. तीन पेशींच्या बॅटरीवर, म्हणजे भरलेली असताना 12.6 व्होल्टवर, 8.4 चा सर्व्हो थेट जोडणारे महाभागही आमच्या कोपऱ्यात येऊन गेले आहेत.

साठ नगांचा सौदा

2023 च्या पावसाळ्याअगोदर धाकट्याला मुंबईतल्या एका ठोक विक्रेत्याकडे एक लॉट दिसला. डबीवर छापलेले : 35 किलो, 8.4 व्होल्ट, स्टील गिअर. भाव नगाला 650 रुपये. तशा सर्व्होचा बाजारभाव याच्या दुप्पट-तिप्पट. तो मला म्हणाला, “अब्बा, साठ नग उचलू या, अकराशेला एक सहज जाईल.” मी माल पाहायला स्वतः गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, डबी हातात घेतली, वजन बरे वाटले, रंग चांगला होता. कापडाचे थान मी बोटांत चुरगाळून पाहतो, उजेडात धरतो, पन्हा मोजतो. इथे मात्र छापलेला आकडा वाचून पैसे मोजले. एका लूमवाल्याला द्यायला ठेवलेल्या रकमेतून 39,000 रुपये गेले. बिल घेतले नाही, कच्ची चिठ्ठी घेतली. हे लिहिताना लाज वाटते, कारण कच्च्या चिठ्ठीवर कापड घेणाऱ्यांना मी तीस वर्षे नावे ठेवत आलो आहे.

महिन्याभरात 22 नग विकले गेले. त्यातले 9 परत आले. पाच जळलेले, चारांचे गिअर साफ झालेले. ठोकवाल्याकडे गेलो तर उत्तर तयार होते : चालू माल आहे, दुकानातून निघाला की आमची जबाबदारी संपली. त्याच्याशी भांडून काय हाती लागणार होते?

त्या रात्री धाकट्याने एक जळलेला नग उघडला. वरचा एकच गिअर लोखंडाचा होता. ही परीक्षा सोपी आहे, लोहचुंबक लावायचा. स्टील चिकटते, पितळ आणि ॲल्युमिनियम चिकटत नाही. बाकीचे गिअर पिवळे, मऊ धातूचे. मोटर साधी 6 व्होल्टच्या सर्व्होत असते तशी. सर्किटमध्ये जास्त व्होल्टेज झेलण्याची काही सोय दिसली नाही. म्हणजे डबी आणि छपाई एका जातीची, पोटातला माल दुसऱ्या जातीचा. साठ काउंट छापून चाळीसचे सूत घालण्यासारखेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेले 38 नग तोलले. कसे, ते सांगतो, कारण या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे.

सर्व्होचा जोर ‘किलो-सेंटिमीटर’मध्ये सांगतात. 20 किलोचा सर्व्हो म्हणजे दांड्याच्या मध्यापासून 1 सेंटिमीटर अंतरावर तो 20 किलो ओढेल. 2 सेंटिमीटरवर निम्मे, 10 किलो. परदेशी डब्यांवर हाच आकडा औंस-इंचात असतो. त्याला 13.9 ने भागावे, म्हणजे किलो येतात. 347 औंस-इंच म्हणजे 25 किलो. कुठे न्यूटन-सेंटिमीटर लिहिलेले असते, त्याला ढोबळमानाने 10 ने भागावे. औंसाचा मोठा आकडा पाहून भुलणारे पुष्कळ असतात.

तोलण्यासाठी सर्व्हो पाट्याला स्क्रूने घट्ट बसवायचा. दांड्यावरच्या पट्टीला मध्यापासून बरोबर 2 सेंटिमीटरवर भोक पाडायचे. त्या भोकात ताणकाटा अडकवायचा, आपल्या गावात रद्दीवाले वापरतात तोच. काट्याचे दुसरे टोक पाट्याला अशा बेताने बांधायचे की ओढताना पट्टी आणि काटा काटकोनात राहतील. सर्व्होला चालवायला ‘सर्व्हो टेस्टर’ नावाची छोटी डबी मिळते, अगदी स्वस्त असते. वीज व्होल्टेज बदलता येणाऱ्या सप्लायमधून द्यायची. सर्व्होला ओढायला लावायचे, काटा पाहायचा आणि एक-दोन सेकंदांत सोडून द्यायचे. अडलेल्या सर्व्होला जास्त वेळ धरले तर चांगला मालही जळेल. काट्यावर 10 किलो दिसले तर सर्व्हो 20 किलोचा.

आमचे ‘35 किलो’वाले 7.4 व्होल्टवर काट्यावर 6 ते 7 किलो दाखवत होते. म्हणजे 12 ते 14 किलो-सेंटिमीटर. 8.4 लावले तर दोन-चार ओढीतच डबीला हात लावणे नकोसे होई. 6 व्होल्टवर मात्र थंड राहून साधारण 11-12 देत होते.

आता प्रश्न आला तो 38 नगांचे काय करायचे याचा. धाकट्याचे म्हणणे होते की लांबच्या गावी, कुरिअरने, त्याच छापील आकड्यावर थोडे स्वस्त काढून टाकू. तो काही वाईट मुलगा नाही. घरातले पैसे अडकल्याची त्याला टोचणी होती, त्यातून तो बोलला. मी त्याला म्हणालो, “बेटा, थानात भोक असेल तर मी गिऱ्हाइकाला तिथे बोट लावून दाखवतो. हे माहीत असूनही तू असे म्हणतोस?” तो गप्प राहिला. दोन दिवस आमच्यात नीट बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच ब्लेडने लेबले खरवडायला बसला.

आम्ही नवी चिठ्ठी चिकटवली : ‘12 किलो, फक्त 6 व्होल्ट, मिश्र गिअर’. भाव 400. जे 9 परत आले होते त्यांचे पैसे दिले. उरलेल्या 13 गिऱ्हाइकांना फोन करून सांगितले की माल छापील आकड्याचा नाही, 6 व्होल्टवरच चालवा, नको असेल तर परत करा. चौघांनी परत केला. नऊ जणांनी ठेवून घेतला. वापरून परत आलेले ते चार नग आम्ही विकले नाहीत, त्यांचे गिअर दुरुस्तीला काढले. 38 पैकी 24 आतापर्यंत 400 च्या भावाने गेले. त्यातले सहा अभियांत्रिकीच्या मुलांनी यंत्राचा हात बनवण्यासाठी नेले आणि त्यांचे काम व्यवस्थित झाले, कारण त्यांना लागत होता तो 12 किलोचाच. एकूण हिशेबात निम्मी रक्कम बुडाली. लूमवाल्याने दोन महिने थांबून घेतले, हे त्याचे उपकार.

मग घ्यावा कोणता?

गिऱ्हाईक आले की लगेच किलो विचारू नये. आधी गाडी विचारावी. एक दशांश मापाच्या क्रॉलरला रुंद मऊ टायर असतात आणि दोन्ही चाके एकत्र फिरतात, त्यामुळे दोन दगडांत चाक अडकले की वळवायला मोठा जोर लागतो. इथे खरे 20-25 किलो हवेत, वेग कमी असला तरी चालतो. पक्क्या रस्त्यावर पळणाऱ्या हलक्या गाडीला 10 किलो पुष्कळ झाले, पण वेग हवा. वेग ‘60 अंश फिरायला किती सेकंद’ असा लिहितात, म्हणजे आकडा जितका लहान तितका सर्व्हो चपळ. मोठ्या एक अष्टमांश मापाच्या बग्गीला जोरही हवा आणि वेगही, म्हणून तिथे खर्च टळत नाही.

मग बॅटरी आणि बीईसी विचारावी. बीईसी 6 व्होल्टच देत असेल तर गिऱ्हाइकाच्या गळ्यात हाय व्होल्टेज सर्व्हो मारणे म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणे. तो चालेल, पण डबीवरचा 8.4 चा जोर त्याला कधीच मिळणार नाही. काही कंट्रोलरवर 6 आणि 7.4 असे निवडता येते, ते आधी पाहावे. 7.4 निवडले की त्याच शाखेवरचे बाकीचे सामानही 7.4 सहन करते का, हे बघायला विसरू नये. सर्व्हो वाचला आणि गाडीचे दिवे जळाले, असे आमच्याकडे घडले आहे. आणि बीईसीचे अँपिअर अपुरे असतील तर चाक अडकताक्षणी व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. गिऱ्हाईक म्हणते रिमोट खराब आहे. रिमोट चांगला असतो. अशा वेळी वेगळी, जास्त अँपिअरची बीईसी लावावी किंवा दोन पेशींच्या बॅटरीवरून सर्व्होला थेट धन-ऋण द्यावे. थेट देताना ऋण तार रिसीव्हरच्या ऋणाशी जोडलेली राहिली पाहिजे, नाहीतर हुकूम पोचत नाही.

स्वस्तात एक नाव फार चालते, एमजी 996 आर. मूळ मालाची छापील ताकद 4.8 व्होल्टवर 9.4 किलो आणि 6 व्होल्टवर 11 किलो. या नावाच्या नकला इतक्या आहेत की नाव वाचून काहीच कळत नाही. दुसरा, थोडा वरचा, डीएस 3218. त्याला बाजारात ‘20 किलोवाला’ म्हणतात आणि तो किमतीच्या मानाने उपयोगी आहे. पण त्याची मर्यादा 6.8 व्होल्ट. तो हाय व्होल्टेज नाही, दुकानदार काही म्हणो. शिवाय तो 180 आणि 270 अंश अशा दोन जातींत येतो. 270 चा यंत्रमानवाच्या हाताला ठीक. गाडीला लावला तर रिमोटच्या नेहमीच्या ठोक्यावर तो दोन्ही बाजूंना गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि स्टिअरिंगच्या कड्यांवर जाऊन आदळतो. दोन्ही डब्या दिसायला सारख्या, म्हणून मागवताना अंश लिहून मागवावेत.

खरा हाय व्होल्टेज परवडणाऱ्या भावात हवा असेल तर दीड ते चार हजारांच्या दरम्यान चिनी कंपन्यांचा माल बघावा. पॉवर एचडी, एजीएफआरसी, जेएक्स ही नावे या शौकिनांत माहितीची आहेत. तैवानची सॅव्हॉक्स, कोरियाची हायटेक, जपानची फुटाबा यांचा माल वरच्या भावाचा. ज्याची रोजी त्यावर नाही अशा शौकीन माणसाला मी तो आग्रहाने सुचवत नाही. मोटर ‘कोअरलेस’ असेल तर चपळ असते, ‘ब्रशलेस’ असेल तर घासणारा भाग नसल्याने जास्त टिकते आणि महाग असते. क्रॉलरवाल्याने मोटरीपेक्षा गिअरवर पैसे घालावेत, असे माझे मत झाले आहे. धाकटा याच्याशी सहमत नाही.

दांड्याच्या टोकावरचे दाते मात्र न चुकता मोजावेत. फुटाबा पद्धतीचे 25 दाते सर्वांत जास्त चालतात. हायटेकच्या पुष्कळ सर्व्होंना 24 आणि जेआर, सॅनवा, केओ यांच्या मालाला 23 असतात. 25 ची पट्टी 24 वर ठोकून बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत. दोन चढांत ती गोल फिरू लागते.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. यातल्या मोटरीचे रिवाइंडिंग होत नाही, तो नाद सोडावा. पण गिअरचा संच बदलणे, तुटलेली तार नवी डाळून देणे, बेअरिंग आणि पोटेन्शिओमीटर बदलणे ही कामे घड्याळजी किंवा मोबाईल दुरुस्त करणारा सहज करू शकेल. पाण्यात गेलेला सर्व्हो उघडून वाळवून, गिअरला अगदी थोडे ग्रीस लावून द्यावे. आणि गाडी परत देण्याआधी चाके पूर्ण वळवून कान लावावा. सर्व्हो गुणगुणत असेल तर तो टोकाला अडून वीज ओढतो आहे. रिमोटवरून दोन्ही टोकांची हद्द थोडी आत घ्यावी. निम्मे सर्व्हो एवढ्यानेच वाचतात.

थेट चीनहून माल आणण्याचा विचार असेल तर क्लिअरिंग एजंटला आधी भेटावे. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 साली 70 टक्के झाली, आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. सुटा सर्व्हो कोणत्या सदरात धरला जाईल यावर सगळा नफा अवलंबून आहे. दर बदलतात, म्हणून ऐकीव आकड्यावर गाठ सोडू नये.

आता आम्ही कुठलाही लॉट घेताना आधी तीन नग पक्क्या बिलावर विकत घेतो, दोन तोलतो, एक उघडतो. ठोकवाले कुरकुर करतात, एकाने तर सरळ नाही म्हटले. ताणकाटा आणि पाटा दुकानात मीटरपट्टीच्या शेजारीच टांगलेला असतो. त्या लॉटमधले 14 नग अजून कपाटात आहेत, 400 रुपये, 12 किलो, फक्त 6 व्होल्ट.